परदेशी खरेदीदाराला दर कळवण्यापूर्वी हे वाचा

"किलोला इतके डॉलर" एवढंच लिहून दर पाठवू नका. त्यात न्हावा शेव्यापर्यंतचं ट्रेलरभाडं धरलंय का, जहाजभाडं कोण भरणार, विमा कोणाचा, हे कळत नाही आणि वाद तिथेच सुरू होतात. दरापुढे अट, अटीपुढे ठिकाण आणि शेवटी 'इन्कोटर्म्स २०२०' (विक्रीच्या अटींचे आंतरराष्ट्रीय नियम) असं लिहा. उदाहरणार्थ, 'एफओबी न्हावा शेवा, इन्कोटर्म्स २०२०'. एफओबी म्हणजे 'फ्री ऑन बोर्ड', माल जहाजावर चढवून देण्याची अट.

हे नियम पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे. पहिल्यांदा १९३६ मध्ये आले, सध्याची आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. अटी अकरा आहेत. खर्च आणि जोखीम कुठे हात बदलते, एवढंच त्या सांगतात. पैसे कधी मिळणार आणि मालकी कधी बदलणार, हे करारात वेगळं लिहावं लागतं.

एफओबी की एफसीए?

आपल्याकडे सवयीने सगळे एफओबी लिहितात. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमची. पण कंटेनर तर आधीच टर्मिनलवर सोपवलेला असतो. तिथे रीफरचा (थंड कंटेनरचा) प्लग निघाला तर तुम्ही काही करू शकत नाही, नुकसान मात्र तुमचं. म्हणून कंटेनरच्या मालाला आम्ही एफसीए ('फ्री कॅरियर') सुचवतो, चेंबरचाही सल्ला तोच आहे. ठरलेल्या ठिकाणी माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तुमची जोखीम संपते. एलसीसाठी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी) बँक 'ऑन बोर्ड' (माल जहाजावर चढला) शेरा असलेलं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल मिळाल्याची वाहतूकदाराची पावती, मागते. ते वाहतूकदाराने तुम्हाला द्यावं, असं खरेदीदाराने त्याला कळवण्याची सोय २०२०च्या एफसीएमध्ये आहे. करारात ती ठरवून घ्या.

सीआयएफमधला गैरसमज

'सीआयएफ रॉटरडॅम' (मालाची किंमत, विमा आणि रॉटरडॅमपर्यंतचं भाडं धरून दर) म्हटलं की माल रॉटरडॅमला पोचेपर्यंत जबाबदारी विक्रेत्याची, असं द्राक्ष बागायतदारांपासून कारखानदारांपर्यंत अनेकांना वाटतं. तसं नाही. जहाजभाडं आणि विम्याचा हप्ता तुम्ही भरता, पण जोखीम न्हावा शेव्यालाच, माल जहाजावर चढताच, खरेदीदाराकडे जाते. विमा बीजकाच्या किमान ११० टक्के रकमेचा लागतो: २०,००० डॉलरच्या मालाला २२,००० डॉलरचा. मात्र नियमाला मालविम्याचा सर्वात कमी संरक्षणाचा 'सी' क्लॉज पुरतो. आग, जहाज बुडणं, टक्कर अशा मोठ्या अपघातांपुरतंच त्याचं संरक्षण, चोरी त्यात नाही. सीआयपी या भाडं आणि विमा धरलेल्या दुसऱ्या अटीत जास्त व्यापक 'ए' क्लॉज लागतो. तरी उशिरामुळे सडलेल्या मालाची भरपाई 'ए'मध्येही मिळत नाही. द्राक्षं पाठवणाऱ्यांनी हे खरेदीदाराला आधीच स्पष्ट सांगावं.

एक्सवर्क्स (माल तुमच्या जागेवरून खरेदीदाराने न्यायचा) आणि डीडीपी (ड्युटी भरून माल त्याच्याकडे पोचता करायचा) शक्यतो टाळा. पहिल्यात निर्यातीचं कस्टम क्लिअरन्स परदेशी खरेदीदाराच्या गळ्यात पडतं, दुसऱ्यात त्याच्या देशातली ड्युटी आणि कर तुमच्या.

दराची मुदत

भाडं धरून दिलेल्या दरावर मुदतीची तारीख हवीच. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपची जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली आणि भाडी झपाट्याने चढली. मुदत न टाकता सीआयएफ दर दिला असेल तर असा फरक कोणी सोसायचा, यावरून भांडण होतं. भाड्याचा आकडा वेगळ्या ओळीत दाखवा, आणि टर्मिनलचा हाताळणी खर्च कोणाकडे तेही लिहा.

विक्री सीआयएफवर असली तरी शिपिंग बिलात (कस्टमला द्यायच्या निर्यातीच्या कागदात) एफओबी मूल्य द्यावं लागतं, त्यामुळे भाडं आणि विमा वेगळे काढता आले पाहिजेत.

कोटेशन पाठवण्याआधी मसुदा आमच्याकडे आणून दाखवा. सोबत मालाचं वजन, पॅकिंग, कंटेनरचा प्रकार आणि पोचवायचं बंदर एवढी माहिती द्या.