बोटीचा सीझन सुरू करताय? हीटरचं बटण दाबायच्या आधी हे वाचा

नारळी पौर्णिमा झाली की आमचा फोन वाजायला लागतो तो पार दिवाळीपर्यंत. तक्रार बहुतेक वेळा एकच, थंड पाणी मस्त येतंय पण गरम येत नाही, तुम्ही बसवलेला गिझर गेला. गिझर गेलेला नसतो हो, आतलं एलिमेंट जळलेलं असतं, आणि ते जळतं पहिल्याच दिवशी, पाणी नसताना हीटर चालू केल्यामुळे.

होतं काय, मे अखेरीला बोट वर घेताना आम्ही टाकी, पाइप आणि कॅलोरिफायर (म्हणजे तुमचा बोटीवरचा गिझर) सगळं रिकामं करतो. कॅलोरिफायरचा खालचा ड्रेन कॉक उघडा ठेवतो म्हणजे आतून वाळतो, आणि थंड पाणी आत येतं तो कॉक बंद करून त्याला लाल टॅग बांधतो. आता तुम्ही सीझनला टाकी भरली, पंप लावला, बेसिनचा थंड पाण्याचा नळ दोनचार वेळा फुरफुरला आणि धार लागली. वाटतं झालं काम. पण त्या धारेचा आणि कॅलोरिफायरचा काहीही संबंध नाही, तो अजून ठणठणीत कोरडाच आहे.

मागच्या वर्षी मांडवीत उभ्या असलेल्या एका शिडाच्या बोटीवर गेलो होतो, पाहुणे संध्याकाळी येणार, मालक घामाघूम. एलिमेंट बाहेर काढलं तर काळं ठिक्कर, मधेच फुटलेलं आणि आतली पांढरी पावडर हातावर आली. लाल टॅग कुठे होता? बाथरूमच्या हुकला, टॉवेलच्या खाली. पोरांनी बोट साफ करताना काढून नीट जपून ठेवलेला.

थर्मोस्टॅट आहे ना मग, असं सगळेच विचारतात. थर्मोस्टॅट पाण्याचं तापमान बघतो. पाणीच नसेल तर आतली हवा तापून त्याला कळेपर्यंत एलिमेंट लालभडक होऊन गेलेलं असतं. कंपनी हे वॉरंटीत घेत नाही, आम्हालाही घेता येत नाही, उगाच वाद नको.

तर आधी ड्रेन कॉक बंद. मग लाल टॅगवाला कॉक उघडा. मग गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडून पंप चालू करा आणि थांबा. पंप मिनिटाला दहाएक लिटर ढकलतो, कॅलोरिफायर ४० लिटरचा, म्हणजे चार मिनिटं तरी नुसती हवाच येणार, कंटाळू नका. नळ खोकायचा थांबला आणि सलग धार लागली की नळ बंद, आणि त्यानंतरच हीटर.

काही लोक म्हणतात रिकामं करताच कशाला, तुमच्यामुळेच हा घोळ. थंड देशात पाणी गोठून पाइप फुटतात म्हणून रिकामं करतात, आपल्याकडे ती भीती नाही हे मान्य. पण बंद बोटीत जून ते ऑगस्ट कोमट पाणी साचून राहिलं की नळाला जो वास येतो आणि टाकीला जी बुळबुळीत साय धरते ती ज्यांनी बघितलीय ते हा प्रश्न विचारत नाहीत. रिकामी ठेवूनसुद्धा सीझनला एकदा क्लोरीन फिरवावंच लागतं, ५ टक्केवालं साधं लिक्विड ब्लीच, १०० लिटरला १०० मिली, सगळ्या नळांना वास येईपर्यंत सोडायचं, चार तास ठेवायचं आणि मग दोनदा धुवून काढायचं. हे पाणी प्यायचं नाही. टाकी स्टीलची असेल तर रात्रभर ठेवू नका, क्लोरीन स्टीलला खातं.

अजून दोन फोन आम्हाला नेहमी येतात ते इथंच निपटवतो. एक, सेफ्टी व्हॉल्वमधून पाणी ठिबकतंय. ठिबकू दे, ४० लिटर पाणी तापून ८० डिग्रीला गेलं की जवळजवळ एक लिटर वाढतं, ते कुठेतरी जायलाच पाहिजे. पाणी गार असताना ठिबकलं तर मात्र कळवा. दोन, रात्री कोणी नळ उघडलेला नसताना पंप टकटक करतो. म्हणजे कुठेतरी पाणी गळतंय, आधी नळांचे वॉशर आणि जॉइंट बघा. नळ उघडला की पंप सारखा चालू-बंद होत असेल तर प्रेशरच्या डब्यातली (पाण्याच्या लाइनवरचा, दाब टिकवणारा डबा) हवा गेलीय. पंप बंद, नळ उघडा, मग बाइकच्या फूटपंपाने डब्यात हवा भरा, पाण्याचा पंप २५ पीएसआयला चालू होत असेल तर २२ पुरे. आणि बोट सोडून घरी जाताना पंपाचा स्विच बंद करा, एक जॉइंट सुटला तर अख्खी टाकी बिल्जमध्ये (बोटीच्या तळात) जाते.

ज्यांना या भानगडीत पडायचंच नाही त्यांच्यासाठी आम्ही सीझनच्या आधी येऊन भरणं, क्लोरीन, हवा सगळं एका व्हिजिटमध्ये करून देतो, ऑगस्टमध्येच सांगून ठेवलंत तर बरं, सप्टेंबरात पोरं रिकामी नसतात. एलिमेंट स्टॉकला असतं. फोन करायच्या आधी फक्त लाल टॅग कुठे आहे ते बघून घ्या, आमचा पहिला प्रश्न तोच असतो.