बॅटरीचा खटका पडणे (घरगुती सौर यंत्रणा)

बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामधल्या डीसी वायरवर बसवलेला एमसीबी किंवा एमसीसीबी आपोआप बंद होणे म्हणजे बॅटरीचा खटका पडणे. हा प्रकार ऑफ-ग्रिड (ग्रिडला न जोडलेल्या) आणि हायब्रिड (ग्रिड व बॅटरी दोन्ही असलेल्या) यंत्रणांत आढळतो. महावितरणच्या वाहिनीला जोडलेल्या बिनबॅटरीच्या यंत्रणेत हा खटका नसतोच. खटका मुख्यतः वायर वाचवण्यासाठी असतो. म्हणून तो वारंवार पडतो या कारणाने वायर तीच ठेवून १००च्या जागी १६० अँपियरचा खटका बसवणे धोक्याचे आहे. मग खटका पडायचा थांबतो आणि वायर तापायला लागते.

नेहमीच्या एमसीबीत दोन भाग असतात. द्विधातूची पट्टी तापून हळूहळू वाकते व जास्त भार बराच वेळ राहिला तर खटका पाडते. कॉइल मोठ्या प्रवाहाला क्षणात पाडते. त्यामुळे तपासणीचा पहिला प्रश्न एकच: खटका किती वेळाने पडला?

चढवताक्षणी पडत असेल तर बहुतेक वेळा कारण इन्व्हर्टरमधले रिकामे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असते. ते भरताना क्षणभर शेकडो अँपियर ओढतात. आधी पॅनेलचा आयसोलेटर (पॅनेल वेगळे करणारा स्विच), इन्व्हर्टर आणि खटका बंद करून बॅटरीचे धन-ऋण टोक तपासावे. मग ५० ओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर खटक्याच्या दोन टोकांवर पाच सेकंद धरावा (इन्सुलेटेड पकडीने, तो तापतो). इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर लावलेल्या मल्टिमीटरचा आकडा शून्यापासून वर चढत बॅटरीच्या व्होल्टेजच्या (४८ व्होल्टच्या यंत्रणेत ४८च्या) जवळ गेला, तर रेझिस्टर काढून लगेच खटका चढवावा. आकडा शून्यापाशीच अडला आणि रेझिस्टर चटके देऊ लागला, तर वायरमध्ये किंवा इन्व्हर्टरच्या आत शॉर्ट आहे. अशा वेळी खटका पुन्हा चढवू नये. इन्व्हर्टरच्या वायरी सोडवून तीच चाचणी केली की दोष कुठल्या बाजूला आहे ते कळते.

पंप सुरू होताच पडत असेल तर मोटारीचा सुरुवातीचा प्रवाह पाहावा. १ अश्वशक्तीची मोटार चालताना साधारण १,००० वॉट घेते, सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट मागते. २४ व्होल्टच्या यंत्रणेत ही मागणी २०० अँपियरच्या पुढे जाते.

दहा-वीस मिनिटांनी पडणारा खटका सर्वांत जास्त चकवतो, कारण तोवर सगळे सुरळीत दिसते. ४८ व्होल्टच्या यंत्रणेवर ४,००० वॉटचा भार असेल, भाराखाली बॅटरी ४४ व्होल्टवर आली असेल आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर बॅटरीतून १०१ अँपियर निघतात. त्यावर सव्वापट धरून १२५ अँपियरचा खटका आणि त्याला पेलेल अशी वायर लागते. शिवाय एकफेजी इन्व्हर्टर हा प्रवाह सपाट घेत नाही; तो सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो. डीसी क्लॅम्प मीटर सरासरी दाखवते, पट्टी मात्र आरएमएस प्रवाहाने (उष्णतेच्या दृष्टीने परिणामी प्रवाहाने) तापते, आणि तो सरासरीपेक्षा २२ टक्क्यांपर्यंत जास्त असू शकतो. त्यात एमसीबीचे मानांकन सहसा ३० अंश सेल्सिअसला केलेले असते. विदर्भातल्या मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत तोच खटका कमी प्रवाहालाही पडतो. पेटी सावलीत आणणे आणि शेजारच्या खटक्यांत फट ठेवणे हे यावरचे स्वस्त उपाय.

तरीही सर्वांत आधी संशय ढिल्या लगवर (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडावर) घ्यावा. टर्मिनलमध्ये फक्त १ मिलिओहमचा जादा रोध असला तरी १०० अँपियरला तिथे १० वॉट उष्णता तयार होते आणि ती थेट पट्टीपर्यंत पोचते. भार चालू ठेवून मल्टिमीटर मिलिव्होल्टवर घ्यावे, एक पिन लगवर आणि दुसरी टर्मिनलच्या धातूवर टेकवावी. खटक्याच्या दुसऱ्या टोकावरच्या जोडापेक्षा इथे कितीतरी जास्त, समजा १०० मिलिव्होल्ट, दिसले तर जोड खराब आहे. पिवळसर-तपकिरी पडलेले प्लास्टिक, काळवंडलेली तार, हातोडीने ठोकून बसवलेला लग या याच दोषाच्या खुणा. सगळे बंद करून लग नव्याने क्रिम्प करावा (पक्कडीने वायरीवर दाबून बसवावा) आणि स्क्रू खटक्यावर दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळावा.

खटका भर दुपारी चार्जिंगच्या वेळीच पडत असेल, तर इन्व्हर्टरचे चार्जिंग सेटिंग पाहावे. सोलरचे ८० आणि ग्रिडचे ६० अँपियर एकाच वेळी चालू असतील तर १४० अँपियर होतात. एकूण चार्जिंग प्रवाहाची मर्यादा खाली आणावी. लिथियम बॅटरीत वीज गेली पण खटका वरच असेल, तर पुरवठा बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) तोडलेला असतो. तो तपास वेगळा.

चुकीच्या जातीचा, म्हणजे डीसी वायरवर एसीसाठीचा, खटका हा गंभीर दोष आहे. एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीत ती तशीच पेटती राहू शकते. बॅटरीचा प्रवाह चार्ज आणि डिस्चार्ज अशा दोन्ही दिशांनी वाहतो, म्हणून धन-ऋण खुणा असलेला ध्रुवीय डीसी एमसीबीही इथे चालत नाही: उलट्या दिशेचा प्रवाह तोडताना तो जळू शकतो.

खटका पडल्यावर आधी पॅनेलचा आयसोलेटर बंद करावा, कारण बॅटरी सुटल्यावर उन्हात चालू राहिलेल्या चार्ज कंट्रोलरवर व्होल्टेज उसळू शकते. दोष काढल्यावर क्रम असा: बॅटरी, इन्व्हर्टर, शेवटी पॅनेल. खरा शॉर्ट तोडलेला खटका पुन्हा वापरू नये, बदलावा.