असमान डिस्कांचा रेड अ‍ॅरे

अनेक हार्ड डिस्क जोडून त्या एकाच साठ्यासारख्या वापरण्याच्या पद्धतीला रेड (RAID) म्हणतात, आणि अशा जोडलेल्या संचाला अ‍ॅरे. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना १९८८ मध्ये ती मांडली. नावातला 'आय' तेव्हा 'स्वस्त' या अर्थी होता. पुढे त्याचा अर्थ 'स्वतंत्र' असा लावला जाऊ लागला. जुन्या पीसींतून काढलेल्या डिस्क घरी जोडणारा मात्र मूळ अर्थालाच चिकटून असतो.

खरा पेच तिथेच आहे: अशा डिस्कांची मापे सारखी नसतात. रेड १ (तोच डेटा प्रत्येक डिस्कवर) आणि रेड ५ (डेटा सर्व डिस्कांत वाटून, सोबत पॅरिटी म्हणजे एक डिस्क मेली तरी डेटा परत घडवता येईल अशी जादा माहिती) प्रत्येक डिस्ककडून सारखाच वाटा घेतात आणि तो सर्वांत लहान डिस्कवरून ठरतो. २, ३ आणि ४ टीबीच्या डिस्क रेड ५ मध्ये घातल्या, तर प्रत्येकीची २ टीबी जागा वापरली जाते. एका वाट्याइतकी जागा पॅरिटीत जाते, हाती ४ टीबी येतात आणि ३ टीबी नुसती पडून राहतात. लिनक्सवरचे एमडीएडीएम हे रेड जुळवणारे साधन अशा वेळी मोठी डिस्क त्या वाट्यापेक्षा एक टक्क्याहून जास्त मोठी असल्याचा इशारा देते, 'पुढे जाऊ का?' विचारते आणि 'हो' म्हटले की मुकाट्याने कामाला लागते.

पडीक जागा वापरायची तर डिस्कांचे थर पाडतात. तिन्हींवर २ टीबीचे पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) करून रेड ५. मोठ्या दोघींवर आणखी १ टीबीचे करून रेड १. मग दोन्ही एलव्हीएमने, म्हणजे लिनक्सच्या साठे एकत्र जोडणाऱ्या सोयीने, सांधले की ५ टीबी मिळतात. सर्वांत मोठ्या डिस्कच्या चौथ्या टीबीला जोडीदारच नाही, तो तसाच राहतो. सिनॉलॉजी या साठवण यंत्रे बनवणाऱ्या कंपनीची एसएचआर ही रेड पद्धत आतून हेच करते. बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचे रेड १ डेटाच्या तुकड्यांच्या दोन प्रती कोणत्याही दोन डिस्कांवर ठेवते. त्यात याच डिस्कांतून साडेचार टीबी निघतात.

छापील माप सारखे असले तरी दोन कंपन्यांच्या डिस्कांत थोडा फरक असू शकतो. मेलेल्या डिस्कच्या जागी आणलेली नवी डिस्क किंचित लहान निघाली, तर तेवढ्यासाठी नाकारली जाते. म्हणून अख्खी डिस्क न देता शेवटी १०० एमबी सोडून केलेले पार्टिशन द्यावे. हे बहुतेकांना दुसऱ्या खेपेला सुचते.

वेगातली तफावत त्या मानाने सोसवते: लिहिताना मंद डिस्कची वाट पाहावी लागते, एवढेच. जास्त जपायचे ते साध्या डेस्कटॉप डिस्कला. खराब सेक्टर वाचण्यासाठी ती मिनिटभरही झटत बसू शकते. लिनक्सचा धीर मात्र ३० सेकंदांत सुटतो आणि चालती डिस्क अ‍ॅरेबाहेर फेकली जाऊ शकते. नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या साठवण यंत्रांसाठीच्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात, म्हणून टिकतात.

पुढे २ टीबीच्या जागी ४ टीबीची डिस्क आली, की साध्या रेड ५ चा वाटा ३ टीबी होऊन ६ टीबी मिळू शकतात. त्यासाठी आधी अ‍ॅरेला 'ग्रो' करावे, म्हणजे वाढवावे लागते, मग फाइल सिस्टिम वेगळी वाढवावी लागते.