नाळेवरचं जाड, तिरकं अक्षर: पार्श्वभूमी

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्याला लागतात. नारळी पौर्णिमेच्या आत त्यांची रंगरंगोटी उरकायची असते. मिरकरवाडा असो, हर्णै असो की मालवण, पेंटर नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नाव काढतो ते बहुधा जाड, उजवीकडे झुकलेलं आणि सावली दिलेलं. दशावतारी मंडळींच्या टेंपोवरही हेच वळण.

हे वळण छापखान्यातून आलेलं नाही. रोमन लिपीला तिरका टाइप फार लवकर मिळाला. १५०१ साली व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुत्सिओ याने अक्षरं कोरणाऱ्या फ्रान्चेस्को ग्रिफोकडून तो पाडून घेतला, तोही विद्वानांच्या धावत्या हस्ताक्षरावरून. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात जाहिरातींचं पेव फुटलं, तेव्हा त्याचे लठ्ठ अवतारही निघाले.

आपल्याकडे अडचण खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांची. जोडाक्षरं, मात्रा, रफार धरून देवनागरीच्या एका संचाला शेकडो खिळे लागत. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी ही संख्या १९० पर्यंत खाली आणायची खटपट केली, ती या जाचापायीच. साध्या संचाचीच ही गत, तिथे तिरका जाड संच वेगळा कोण पाडणार? मथळ्याला उभा ठळक टाइप लावायचा, नाहीतर मथळा हाताने काढून त्याचा छपाईचा ब्लॉक करून घ्यायचा.

हाताला मात्र तिरकेपणाची सवय होतीच. खोतांच्या दप्तरातली मोडी बोरू (तासलेली लेखणी) शक्यतो न उचलता, झपाझप, कलती लिहिलेली असते. बोरूचीही एक गंमत आहे. देवनागरीचा बोरू रोमन टाकाच्या उलट्या बाजूने तासतात. त्यामुळे वरून खाली उजवीकडे जाणारी रेघ बारीक उमटते आणि खाली डावीकडे येणारी जाड. काना उजवीकडे झुकवला की तो या जाड दिशेकडे सरकतो आणि आपसूक भरतो. रोमनमध्ये नेमकं उलट, तिथे झुकलेली रेघ सडपातळ होते. म्हणजे तिरकं आणि ठळक ही जोडी देवनागरीला उपजतच जमते. चपटा ब्रश त्याच कोनात धरणाऱ्या पेंटरला हे कुणी शिकवावं लागत नाही.

डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आलं, मागून फ्लेक्स आला, आणि हे सगळं एका बटणावर गेलं. संगणक उभं अक्षर नुसतं ढकलून तिरकं करतो. शिरोरेघ जागच्या जागी, ‘व’चं पोट चेपलेलं आणि काना भरायचा सोडून उलट किंचित बारीक. आठवडाबाजाराच्या गावात वाढदिवसाचा एखादा बॅनर निरखून पाहा, कळेल.

अलीकडच्या फॉन्टांत सुधारणा आहे, पण वाटून वाटून. ‘इंडियन टाइप फाउंड्री’ या संस्थेच्या ‘कलम’ला खरा झोक आहे, पण तो बॉलपेन-स्केचपेनचा, बोरूचा नव्हे. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ नावाप्रमाणे गुबगुबीत, पण उभा. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेल्या ‘यात्रा वन’ने तर देवनागरी ब्रशचा कोन रोमन अक्षरांनाही लावला, माझ्या मते या तिघांत पेंटरच्या सर्वांत जवळचा तोच, फक्त त्यालाही झोक नाही.