कृषी पर्यटन केंद्र की शेतावरचा व्हिला: चूल कोणाची?

फोटोत दोन्ही सारखीच दिसतात: कौलारू छप्पर, पुढे पडवी, मागे आमराई आणि पाटीवर ‘सेंद्रिय शेती’. म्हणून बुकिंग करताना पहिला प्रश्न चुलीचा विचारावा. कृषी पर्यटन केंद्रात चूल शेतकऱ्याच्या घरची असते, व्हिलात ती तुमच्या ताब्यात येते. बाकीचे बहुतेक फरक इथूनच सुरू होतात.

केंद्राचा हिशोब माणशी असतो. चहा-नाश्ता, जेवण, शिवारफेरी, बैलगाडी सगळं सहसा त्यातच धरलेलं. बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी रुजवलेली ही पद्धत आता राज्यभर पसरली आहे, आणि २०२० च्या राज्य धोरणानुसार अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. नोंदणीचं प्रमाणपत्र मागायला संकोच नको. जेवणाची वेळ आणि तिखट मात्र त्यांचं. घरात पथ्याचे आजोबा किंवा फक्त वरणभात खाणारं मूल असेल, तर दोन दिवस आधी फोन करा.

व्हिलाचं भाडं अख्ख्या घराचं, दर रात्रीचं. एका रात्रीसाठी तो घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. सामान लावणं, रांधणं आणि भांडी यातच निम्मा वेळ जातो. तीन रात्री असतील तर तोच परवडतो आणि मुलांनाही मोकळीक मिळते.

‘किचन आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. शेगडी आणि फ्रिज असतात. नसतात ते पोळपाट-लाटणं, सांडशी, चहाची गाळणी, किसणी आणि धारेची सुरी. कुकर असला तरी रिंग सैल असते, म्हणून आपला तीन लिटरचा कुकर घेऊन जाणं बरं. पोचल्यावर सिलिंडर ओल्या फडक्याने वरपासून खालपर्यंत पुसा. दोन-तीन मिनिटांत वरचा भाग सुकतो आणि जिथून ओल टिकून राहते, तिथपर्यंत गॅस आहे, कारण आतल्या द्रवामुळे तो पत्रा थंड राहतो. ओल अगदी तळाशीच उरली, तर लगेच दुसरा सिलिंडर मागा. रात्री नऊला वाडीवर तो मिळत नाही. पाणी विहिरीवरून पंपाने टाकीत चढतं, वीज गेली की तेही थांबतं. दोन बादल्या भरलेल्याच ठेवा.

चार मोठे आणि दोन मुलं धरली, तर एका जेवणाला सोळा पोळ्यांची अर्धा किलो कणीक, २०० ग्रॅम तांदूळ आणि २०० ते २५० ग्रॅम डाळ पुरते. फक्त भातच करायचा असेल तर तांदूळ ४०० ग्रॅम. कांदे, बटाटे, लसूण घरूनच न्या. ‘भाजी शेतातलीच घ्या’ हे हिवाळ्यात खरं ठरतं: मेथी, मुळा, वांगी, मटार भरपूर. मे महिन्यात पाण्याअभावी पालेभाजी जवळपास नसते, तेव्हा आज काय तोडणीला आहे ते निघण्यापूर्वीच विचारा.

‘सेंद्रिय’ हे पाटीवरून ठरवू नये. पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय प्रमाणपत्राच्या पद्धतीत शेजारचे शेतकरी गटाने एकमेकांची शेतं तपासतात. त्यात ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणजे जमीन अजून रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे बदलाच्या काळात आहे आणि ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ म्हणजे तो काळ पूर्ण झाला. एनपीओपी या सेंद्रिय उत्पादनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बाहेरची संस्था तपासणी करते. तिथे या बदलासाठी हंगामी पिकांना पेरणीआधी किमान दोन वर्षं आणि फळबागेला पहिल्या तोडणीआधी तीन वर्षं जावी लागतात. ग्रीनवाला शेतकरी फसवत नसतो, त्याने तसं स्वतःहून सांगितलं तर उलट विश्वास ठेवावा.

व्हिलात चुलीबरोबर खरकटंही तुमचंच. सिंकचं पाणी बऱ्याच ठिकाणी थेट केळी-अळूच्या वाफ्यात जातं, त्यामुळे ब्लीच आणि फिनेल त्यात ओतू नका. शौचालयात अॅसिड तर नकोच, सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि मग दुर्गंधी सुटते. गांडूळखताच्या खड्ड्यात भाज्यांची देठं, साली चालतात. तेलमिठाची उरलेली आमटी, लिंबाची सालं आणि भाताचा गोळा नाही. मीठ आणि आंबट गांडुळांना सोसत नाही, भाताने उंदीर येतात. शिजलेलं उरलं तर झाकून ठेवा आणि गाय असेल तर तिला घालण्याआधी मालकाला विचारा.