स्कॉटिश आणि आयरिश बोलींतील इंग्रजी शब्द

स्कॉटलंड आणि आयर्लंडमधल्या इंग्रजीत रोज वापरले जाणारे, पण प्रमाण इंग्रजीत नसलेले किंवा तिथे निराळा अर्थ असलेले शब्द. त्यांतले काही आता सगळ्या जगाचे झाले आहेत. आयकर खात्याची ‘रेड’ पडते, तो शब्द स्कॉटिश. ‘रोड’ आणि ‘रेड’ एकाच जुन्या इंग्रजी शब्दापासून आले. मूळ अर्थ घोड्यावरून जाणे. स्कॉटलंडकडच्या रूपाला घोड्यावरून घातलेली धाड हा अर्थ चिकटला. सिनेमातले ‘ग्लॅमर’ हे तर ‘ग्रामर’चेच स्कॉटिश रूप! व्याकरण जाणणाऱ्याला मंत्रतंत्रही येत असणार, या समजुतीतून त्याचा अर्थ जादू, नजरबंदी असा झाला. १९व्या शतकात स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनाने हे दोन्ही शब्द दूरवर पोचवले.

स्कॉट्स आणि गेलिक या स्कॉटलंडच्या दोन भाषांची गल्लत नेहमी होते. स्कॉट्स ही जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडील बोलीतून वाढलेली, म्हणजे इंग्रजीची सख्खी बहीण. ‘बेर्न’ (मूल) हा तिचा शब्द. त्याचे नाते थेट संस्कृत ‘भृ’ धातूपर्यंत जाते. ‘कर्क’ (चर्च) हा नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेच्या, वळणाचा. गेलिक मात्र केल्टिक कुळातली. ‘लॉख’ (सरोवर) आणि ‘ग्लेन’ (दरी) तिच्याकडून आले. ‘स्लोगन’ही तिचाच, मूळ अर्थ सैन्याची आरोळी. ‘व्हिस्की’ म्हणजे ‘जीवनाचे पाणी’ या गेलिक नावाचा उरलेला तुकडा.

परक्याला अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचेच जास्त चकवतात. ‘मेसेजेस’ आणायला निघालेला माणूस निरोप नव्हे, किराणा आणायला गेलेला असतो. आयर्लंडमध्ये ‘प्रेस’ म्हणजे कपाट. ‘बोल्ड’ मूल धीट नसते, खोडकर असते. ‘ग्रँड’ म्हणजे भव्य नव्हे, नुसते ‘ठीक आहे’. स्कॉटलंडमध्ये ‘कुठे स्टे करता?’ असे विचारले तर प्रश्न मुक्कामाचा नसून कायमच्या घराचा असतो; भारतीय इंग्रजीतही आपण हेच म्हणतो. ‘वी’ म्हणजे लहान, पण ‘वी’ कप चहा पूर्ण भरलेलाही असू शकतो, कारण त्या शब्दात आकारापेक्षा माया अधिक आहे. ‘ड्रीख’ या एका शब्दात झाकोळ, रिपरिप आणि कंटाळा तिन्ही मावतात. ‘आउटविथ’ (च्या बाहेर) तर स्कॉटलंडच्या सरकारी कागदपत्रांतही सर्रास दिसतो.

आयरिश इंग्रजीत शब्दांइतकीच वाक्यरचनाही आयरिश भाषेतून, म्हणजे आयर्लंडच्या केल्टिक भाषेतून, आली आहे. ‘आय अ‍ॅम आफ्टर ईटिंग’ ऐकून इंग्लंडचा माणूस समजेल की याला जेवण हवे आहे. बोलणारा सांगत असतो, ‘आत्ताच जेवलो’. आयरिश भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ यांना स्वतंत्र शब्द नाहीत, म्हणून ‘येतोस का?’ याला तिथे क्रियापदानेच उत्तर मिळते. ‘येतो’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्यात काहीच वावगे वाटणार नाही. ‘यू’चे अनेकवचन ‘यूझ’ करण्यामागेही आयरिशमधला एकवचन-अनेकवचनाचा भेद आहे. शाळांमधून अशा प्रयोगांना दीर्घकाळ अशुद्ध ठरवले गेले, हा अन्याय होता. त्यांना स्वतःचे नियम आहेत, इतिहासही आहे.

या शब्दांची नोंद मात्र कसोशीने झाली. जॉन जेमिसन यांचा स्कॉटिश शब्दकोश १८०८ मध्ये निघाला, तर ‘स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी’चे १० खंड १९३१ ते १९७६ या काळात पूर्ण झाले. २०११ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या सुमारे १५ लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असे नोंदवले.

‘क्रॅक’ या शब्दाचा प्रवास सर्वांत गमतीचा. अर्थ गप्पा, मजा, मैफल. ‘व्हॉट्स द क्रॅक?’ म्हणजे ‘काय विशेष?’ आज तो आयरिशपणाची खूण मानला जातो. पण मुळात तो मध्ययुगीन इंग्रजीतला. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधून तो अल्स्टरमार्गे (आयर्लंडचा उत्तरेकडील प्रांत) आयर्लंडात आला, आणि त्याचे आयरिश वळणाचे स्पेलिंग (craic) २०व्या शतकात रूढ झाले.