पार्वो, सलाईन आणि परवडणारे उपचार

कुत्र्याचे दोन-तीन महिन्यांचे पिल्लू सकाळी खाण्याकडे पाठ फिरवते, दुपारपर्यंत दोन-तीनदा ओकते आणि रात्री त्याला उग्र वासाचे, रक्त मिसळलेले जुलाब सुरू होतात. लसीकरण अर्धवट राहिलेल्या पिल्लात ही लक्षणे दिसली की पशुवैद्याला पहिली शंका येते ती पार्वो या विषाणूजन्य रोगाची. घरच्यांच्या मनात मात्र त्याच वेळी खर्चाचा आकडा घोळत असतो. तो विचारायला लोक संकोचतात आणि त्या संकोचापायी एक-दोन दिवस घरगुती उपायांत घालवतात. माझ्या मते खर्चाचा प्रश्न पहिल्याच भेटीत मोकळेपणाने विचारायला हवा, कारण कमी खर्चात काय साधता येते याचा आता शास्त्रीय अभ्यास झालेला आहे.

कुत्र्यांमधला पार्वो हा तसा नवा रोग आहे. 1978 च्या सुमारास तो ओळखला गेला आणि दोनेक वर्षांतच जगभर पसरला. ज्या पेशी झपाट्याने विभागतात त्यांच्यावर हा विषाणू हल्ला करतो, म्हणजे मुख्यतः आतड्याच्या अस्तरातल्या आणि अस्थिमज्जेतल्या पेशींवर. अस्तर झडल्यामुळे पाणी आणि क्षार शरीराबाहेर वाहू लागतात, आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या घटलेली असते. पिल्लू दगावते ते बहुधा पाणी कमी झाल्याने, रक्तातली साखर उतरल्याने किंवा जंतुदोष रक्तात पसरल्याने. प्रत्यक्ष विषाणूवर हमखास चालणारे स्वस्त औषध नसले, तरी या तिन्ही गोष्टींवर उपाय आहेत आणि ते फारसे महागही नाहीत. महाग असते ते पिल्लाला चार-पाच दिवस दवाखान्यात ठेवून चोवीस तास शिरेतून सलाईन देणे.

तीन किलो वजनाच्या पिल्लाच्या शरीरातले पाणी वजनाच्या 8 टक्के कमी झाले, तर ती तूट 240 मिलिलिटर, म्हणजे जेमतेम फुलपात्रभर असते. परंतु उलट्या होत असताना एवढेसे पाणीही तोंडावाटे पोटात टिकत नाही, आणि तूट 10-12 टक्क्यांपुढे गेली की रक्ताभिसरणच कोलमडू लागते. सोमवारी जे काम एका इंजेक्शनाने आणि थोड्या सलाईनने झाले असते, त्यासाठी बुधवारी पिल्लाला भरती करावे लागते ते यामुळेच.

अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील पशुवैद्यांनी नेमक्या याच पेचावर काम केले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पार्वो झालेल्या 40 कुत्र्यांचे दोन गट केले होते. एका गटाला रुग्णालयात भरती करून नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटावर घरी करता येतील असे उपचार झाले: कातडीखाली सलाईन, उलटी थांबवणारे रोजचे इंजेक्शन आणि बरेच दिवस अंमल टिकणाऱ्या अँटीबायोटिकचा एक डोस. भरती केलेल्यांपैकी 90 टक्के, तर दुसऱ्या गटातले 80 टक्के कुत्रे वाचले. उपचारच न मिळालेल्या बहुतेक पिल्लांचा पार्वोत मृत्यू होतो, हे लक्षात घेता हा दुसरा आकडा मला फार मोलाचा वाटतो. अर्थात 40 ही संख्या लहान आहे, आणि दोन्ही गटांतल्या कुत्र्यांना सुरुवातीला शिरेतून सलाईन देऊन सावरण्यात आले होते, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही.

ती पायरी वगळता का येत नाही, याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. कुत्र्याच्या मानेमागची कातडी सैल असते. तिच्याखाली सोडलेले सलाईन फुगवटा करून राहते आणि काही तासांत हळूहळू रक्तात शोषले जाते. पिल्लू शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेल्या अवस्थेत, असेल तर मात्र शरीर कातडीचा रक्तपुरवठा आखडते आणि ते सलाईन तिथेच पडून राहते. म्हणून घरी उपचार करायचे की नाही हा निर्णय पशुवैद्यानेच, पिल्लाला तपासून घ्यायचा असतो, आणि घरी नेल्यावरही रोजची तपासणी ठेवावी लागते.

दवाखान्यात ‘आमच्याकडे इतकेच पैसे आहेत, त्यात आधी काय करणे गरजेचे आहे?’ असे स्पष्ट विचारावे. चांगला पशुवैद्य या प्रश्नाने दुखावला जात नाही. कोणती चाचणी आज हवी, कोणती थांबू शकते आणि कोणत्या निकालाने उपचार मुळीच बदलणार नाहीत, हे त्याला त्यामुळे ठरवता येते. सोबत द्यायची माहिती फुकट असते आणि तिचा उपयोग मोठा असतो: प्राण्याचे वजन, लसीचे कार्ड, शेवटचे खाणे कधी झाले, उलट्या-जुलाब किती वेळा झाले, लघवी झाली का, घरात कोणते औषध दिले. हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर तिचा गुलाबी रंग साधारण दोन सेकंदांत परतायला हवा. शांत झोपलेल्या निरोगी कुत्र्या-मांजराचा श्वास मिनिटाला 30 च्या आत असतो. फोनवर एवढे सांगितले तरी प्राण्याला तातडीने आणायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हे सांगणे पशुवैद्याला सोपे जाते. बोका वारंवार लघवीला बसतो आणि थेंबही येत नाही, अशा वेळी मात्र फोनवर चर्चा करत बसू नये. मूत्रमार्ग तुंबल्यास रक्तातले पोटॅशियम वाढून हृदय एक-दोन दिवसांत बंद पडू शकते.

पैसे वाचवण्यासाठी घरातली माणसांची गोळी देणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय आहे. मांजराच्या यकृतात पॅरासिटामॉल निकामी करणारे एक विकर (एन्झाइम) जवळजवळ कामच करत नाही. त्यामुळे औषधाचे विषारी रूप साचते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाते आणि हिरड्या तपकिरी-निळसर दिसू लागतात. तेवढ्याला माणसांची एक गोळी पुरते. आयब्युप्रोफेनमुळे कुत्र्यांच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचते.

कमी खर्चाची ठिकाणे आपल्याकडे आहेत, पण शहरी लोकांना ती अनेकदा आठवत नाहीत. परळला 1886 मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच परिसरात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी चिकित्सालये चालतात आणि तिथे अनुभवी प्राध्यापक तपासतात. जिल्ह्याच्या ठिकाणी शासनाचे पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. गावोगावचे शासकीय दवाखाने प्रामुख्याने गाई-म्हशींसाठी असले, तरी तिथे कुत्र्या-मांजरांनाही तपासतात.

पार्वोची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. आईकडून आलेली प्रतिपिंडे (अँटीबॉडी) लसीला निष्प्रभ करतात आणि ती नेमकी कोणत्या आठवड्यात ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते, म्हणून एका डोसावर थांबता येत नाही. ज्या घरात पार्वोचे पिल्लू राहून गेले, तिथे विषाणू कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाईलने तो मरत नाही. फरशी आधी साबणाने धुऊन, मग तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून त्या पाण्याने ती किमान दहा मिनिटे ओली ठेवावी, आणि सोळा आठवड्यांची लस पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू त्या घरात आणू नये.